खचलेल्याला कच्चा म्हणू नका



जपानी भाषा शिकणाऱ्याला अगदी वरच्या पातळीवर 'उचिहिशिगारेरु' हे क्रियापद भेटतं. दुःखाने पार चिरडून जाणं, हा त्याचा अर्थ. रूप कर्मणी आहे. घाव बाहेरून बसतो, माणूस चिरडला जातो. आपण 'खचला' म्हणतो आणि वर 'मनाने कच्चाच होता' अशी पुस्ती जोडतो. ही पुस्ती मला अन्यायाची वाटते.

घाव म्हणजे काय, हे भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतल्या माणसांना सांगायला नको. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये 11 मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतला एक मीरा रोडजवळ. 180 हून अधिक माणसं गेली, बरीचशी कामावरून घरी परतणारी. त्यांच्या मागे राहिलेल्यांना कच्च्या मनाचं कोण म्हणेल?

असा घाव शरीरावरही उठतो. जपानमधल्याच डॉ. हिकारु सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये हृदयाच्या एका विकाराचं वर्णन केलं. मोठा धक्का बसला की हृदयाचा डावा कप्पा टोकाशी फुगतो, नीट आकुंचन पावत नाही. तपासणीत तो अरुंद गळ्याच्या, गोल बुडाच्या मडक्यासारखा दिसतो. ऑक्टोपस पकडायला जपानी कोळी असंच मडकं, 'ताकोत्सुबो', समुद्रात सोडतात. तेच नाव विकाराला मिळालं. 2004 मध्ये निगाता भागात भूकंप झाला, त्यानंतर तिथे असे रुग्ण वाढलेले आढळले. बहुतेक रुग्ण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया असतात. छातीत दुखतं, धाप लागते, ईसीजी बदलतो, पण अँजिओग्राफीत रक्तवाहिनी बहुधा मोकळीच निघते. उपचार मिळाले तर बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. काही दगावतातही.

म्हणून एक विनवणी. शेजारी कुणी गेलं असेल आणि घरातल्या काकू 'छातीत कसंतरी होतंय' म्हणाल्या, तर 'रडून रडून झालंय, जरा पडा' असं सांगू नका. हा विकार आहे की हृदयविकाराचा झटका, हे घरबसल्या कळत नाही. लगेच 108 ला फोन लावा. आणि तेराव्यानंतर घर रिकामं होतं, तेव्हा मुद्दाम भेटायला जा. मन सावरतच नसेल, तर 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्यांना लावून द्या. तो चोवीस तास सुरू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.