शेवाळाची पावडर आणि ताईंची गोळी

मागच्या महिन्यात आमच्या बैठकीत एकजण लाल समुद्री शेवाळाची पावडर विकायला आला. "डाग जातात, साखरही उतरते," म्हणाला. आमच्या एक ताई मधुमेहाची गोळी बंद करायला निघाल्या!

आम्ही आरोग्यसेविकेला विचारलं, पुस्तकंही चाळली. शेवाळाचा उपयोग खरा आहे. त्यातलं कॅरागीनन टूथपेस्ट, लोशन घट्ट करतं. दुसऱ्या लाल शेवाळातून अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास निघतं. त्यावर प्रयोगशाळेत रोगजंतू वाढवून तपासतात. ही युक्ती १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे या बाईंनी सुचवली, स्वयंपाकघरातल्या जेलीवरून.

पण घट्ट करणं वेगळं, आजार बरा करणं वेगळं. शेवाळात आयोडीन असतं; थायरॉईड असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पावडर आम्ही घेतली नाही. ताईंची गोळी चालू आहे.