आकडे उघडे, नावे झाकलेली

(दारव्हा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'संशोधन, मुक्त आज्ञावली आणि नागरिकाचे खाजगीपण' असा. विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर जो प्रश्न उमटला तो मला दिसला. कापसाच्या भावाचे आणि पीक विम्याचे प्रश्न पुढ्यात असताना संगणकाची ही चर्चा दारव्ह्याला कशासाठी? म्हणून मी आरंभ संगणकापासून करीत नाही. मोतीबाग स्थानकापासून करतो.

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आपली शकुंतला आता बंद पडली आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचावा, म्हणून किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या व्यवस्थापनाखालील कंपनीने तो अरुंद मार्ग घातला. स्वातंत्र्य आले, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, परंतु हा मार्ग त्यातून सुटला. गाडी मध्य रेल्वे चालवी, तिकीट आपण काढीत असू, राबणारे कामगार आपले; रुळांची मालकी मात्र कंपनीची, आणि करारानुसार मोबदला तिला देय. आज सरकारी कचेरीत, शाळेत, रुग्णालयात आणि प्रयोगशाळेत ज्या आज्ञावल्यांवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर, काम चालते त्यांपैकी पुष्कळशा या शकुंतलेच्या रुळांसारख्या आहेत. काम सार्वजनिक, पैसा सार्वजनिक आणि रूळ दुसऱ्याचे. फरक एवढाच की लोखंडी रूळ निदान डोळ्यांना दिसत होते.

आज्ञावली म्हणजे यंत्राने काय करावे याची माणसाने लिहिलेली संहिता. ही मूळ संहिता जवळ असेल तर जाणकाराला ती वाचता येते, तपासता येते, दुरुस्त करता येते. कंपनी ती स्वतःपाशी ठेवते आणि यंत्राला कळेल पण माणसाला वाचता येणार नाही असे तिचे रूप विकते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तरुण काम करीत होता. तेथे नवे छपाईयंत्र आले. कागद वारंवार अडके, आणि अडकल्याची वर्दी कोणाला मिळत नसे. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत त्याने अशी दुरुस्ती स्वतः केली होती. नव्या यंत्राची मूळ संहिता ज्याच्यापाशी होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाकडे तो गेला. त्या गृहस्थांनी ती देण्यास नकार दिला, कारण त्यांनी कंपनीला गुप्ततेचे वचन लिहून दिले होते. एका संशोधकाने दुसऱ्यास ज्ञान नाकारावे, आणि तेही एका कंपनीच्या सोयीसाठी, ही गोष्ट स्टॉलमनच्या मनाला लागली. १९८३ मध्ये त्याने मुक्त आज्ञावलीच्या चळवळीची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने त्या कामाला लिनक्सची जोड दिली. २०१७ च्या अखेरीपासून जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांपैकी प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. सहकाराने केलेले काम दुय्यम प्रतीचेच असते असे आपल्याला ऐकविणाऱ्यांनी या एका वस्तुस्थितीचा विचार करावा.

या चळवळीची खरी युक्ती कायद्याची आहे, आणि ती विदर्भातील माणसाला चटकन समजेल. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे आपल्याला ठाऊक आहेत. अल्पभूधारक दलित शेतकरी. निरीक्षणाने, चिकाटीने त्यांनी धानाचे एचएमटी हे वाण सिद्ध केले आणि हात आखडता न घेता शेजाऱ्यांना दिले. पुढे कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि तेच वाण स्वतःचे नाव जोडून प्रसारित केले, अशी दादाजींची अखेरपर्यंत तक्रार होती. त्या तांदळावर गिरण्या चालल्या, व्यापारी सधन झाले. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले ते हलाखीतच. विनाअट दिलेले दान बलवानाच्या कोठारात जाते. स्टॉलमनने १९८९ मध्ये जो सार्वजनिक परवाना तयार केला त्यात नेमकी अट घातली: घ्या, वापरा, सुधारा, विकासुद्धा, परंतु पुढे देताना मूळ संहितेसह आणि याच अटीवर द्या. सामाईक विहिरीला कुंपण घालण्याची मनाई त्याने विहिरीच्या दस्तातच लिहून ठेवली.

आता संशोधनाकडे वळतो. येथे मला थोडे स्वतःविषयी बोलावे लागेल. मी पाण्याच्या रसायनशास्त्राचा विद्यार्थी. आपल्या जिल्ह्यात भूजलातील फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा पाणीपुरवठा नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर डाग येतात, पुढे सांधे आखडतात, पाठ वाकते. आम्ही काही वर्षे गावोगावच्या विहिरी आणि हातपंप मोजले. मोजणीचे यंत्र आणि त्यासोबतची आज्ञावली एका परदेशी कंपनीची होती. परवान्याची मुदत संपली, नूतनीकरणाला संस्थेकडे पैसे नव्हते, आणि आमचे सारे मोजमाप ज्या प्रकारच्या धारिकांत साठले होते त्या दुसऱ्या कोणत्याही आज्ञावलीत उघडेनात. पाणी आमचे, पाय आमचे, पगार जनतेचा. आकडे मात्र कुलपात. संस्थेचे आणि कंपनीचे नाव मी घेत नाही, कारण हा प्रकार त्यांच्यापुरता नाही. आम्हाला वाचविले ते प्रयोगशाळा परिचराने. हा माणूस प्रत्येक नमुन्याचा आकडा शिसपेन्सिलीने वहीत लिहीत असे. त्याच्या या सवयीला आम्ही हसत असू. त्या वह्यांवरून आम्ही सारे पुन्हा उतरून काढले, आणि त्यानंतर मी खुल्या स्वरूपाबाहेर एकही नोंद ठेवली नाही.

परंतु त्याच वह्यांनी मला दुसरा धडा दिला. आकड्यांशेजारी घरांची नावे होती. कोणाच्या मुलीचे दात डागाळले, कोणाच्या आईला उठवत नाही, हेही होते. एका गावी एक बाई मला म्हणाल्या, "साहेब, पाण्याचं काय ते छापा, पण आमचं घर नका छापू. पोरींची लग्नं व्हायची आहेत." मी कित्येक दिवस त्या वाक्यापाशी अडलो. हातपंपाचा आकडा छापला नाही तर शुद्ध पाण्याची मागणी कशाच्या बळावर करायची? आणि घर छापले तर ज्यांच्यासाठी काम करतो त्यांनाच इजा. शेवटी आम्ही पंपागणिक आकडे उघडे ठेवले आणि नावांची पाने वेगळी करून बंद केली. संशोधनाची नीती मला पुस्तकात सापडली त्याहून अधिक त्या ओसरीवर समजली.

आकडे उघडे असण्याचे मोल किती, याचा एक दाखला सांगतो. २०१० मध्ये रेनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी निबंध लिहिला की सरकारचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की अर्थव्यवस्थेची वाढ खुंटते. सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येते. युरोप-अमेरिकेतील राजकीय नेत्यांनी या निबंधाचा आधार घेऊन सार्वजनिक खर्चाच्या कपातीचे समर्थन केले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला अभ्यासाचा भाग म्हणून कोणताही एक निबंध पडताळून पाहायचा होता. त्याने हा निवडला. हिशेब काही जुळेना. शेवटी लेखकांनी त्याला आपला संगणकीय तक्ता पाठविला, तेव्हा दिसले की सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. अन्य त्रुटींसह दुरुस्ती करता वाढ निघाली अधिक २.२ टक्के. साल २०१३. मधल्या तीन वर्षांत ज्यांच्या नोकऱ्या आणि निवृत्तिवेतने छाटली गेली त्यांना या पाच ओळींची वार्ता कोणी दिली असेल असे वाटत नाही. चूक कोणाचीही होते. तक्ता पहिल्या दिवशी उघडा असता तर ती पहिल्या आठवड्यात सापडली असती.

आपल्या राज्यातील वैज्ञानिकांनी या बाबतीत काही केलेच नाही असे नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील नागार्जुन यांनी २००१ मध्ये स्थापन झालेल्या भारतातील मुक्त आज्ञावली प्रतिष्ठानाची धुरा दीर्घकाळ वाहिली. आयआयटी मुंबईतील रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी महागड्या परदेशी आज्ञावल्यांऐवजी सायलॅबसारखी मुक्त साधने महाविद्यालयांत रुजविण्याचे काम हाती घेतले. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे विद्यार्थ्यांकडूनच सोडवून घेऊन ती सर्वांसाठी खुली केली, मराठीसह अनेक भाषांत पाठ तयार करविले. केरळने तर आपल्या शाळाच लिनक्सवर आणल्या. आणि आपण? सरकारी नोकरीसाठी लाखो मराठी मुलांना एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम घ्यावयास लावला, आणि त्यात मुख्यतः शिकविली एकाच अमेरिकन कंपनीची उत्पादने. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. ते आपल्या तहसील कचेरीपर्यंत पोचले की नाही हे पाहण्याचे काम आपले होते. आपण ते केले नाही.

साथींनो, जो नियम त्या ओसरीवर ठरला, राज्यव्यवहार मात्र त्याच्या नेमका उलट चालला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे एका महिलेच्या हाती देशातील पहिला आधार क्रमांक ठेवण्यात आला. त्या यंत्रणेची उभारणी करताना मुक्त आज्ञावलींचा भरपूर वापर झाला. यंत्रणेची स्वतःची मूळ संहिता मात्र जनतेपुढे ठेवलेली नाही. जगाच्या सामाईक विहिरीतून पाणी घेतले आणि आपल्या रांजणावर झाकण ठेवले. नागरिकाने बोटांचे ठसे द्यायचे, डोळ्यांची बुबुळे द्यायची; ठसा जुळला नाही तर का जुळला नाही, हे त्याला कोणी सांगणार नाही. शेतात राबून ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या त्यांनाच हे अधिक भोगावे लागते.

रोजगार हमीच्या कामांवरील हजेरीपट आपल्यापैकी अनेकांनी हाताळला आहे. १९७७ च्या कायद्यामागे महाराष्ट्रातील श्रमिकांचा रेटा होता. पटावर कोणाची खोटी नावे आहेत हे गावकऱ्यांसमोर वाचून दाखविणे, हे आपल्या चळवळीचे शस्त्र होते. जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या योजनेतील कामांवर भ्रमणध्वनीद्वारे मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रे घेण्याची सक्ती आली. त्याने भ्रष्टाचार संपला काय? भलतीच छायाचित्रे चढविली जात असल्याचे केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच जुलै २०२५ मध्ये कबूल केले. म्हणजे मजूर बाईचा चेहरा साठविला गेला आणि चोरही सुटला.

के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायमूर्तींच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. या निर्णयाचे आपण स्वागत केले. पुढे २०२३ चा वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा आला. त्यात केंद्राला हव्या त्या सरकारी यंत्रणेस वगळण्याची मुभा आहे. आणि त्याच कायद्याच्या एका कलमाने माहिती अधिकारातील व्यक्तिगत माहितीविषयीची तरतूद बदलली. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलात आला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खाजगीपणावर अनाठायी अतिक्रमण करणारी व्यक्तिगत माहितीच नाकारता येई. आता माहिती 'व्यक्तिगत' आहे एवढे म्हणणे अधिकाऱ्याला पुरते. व्यापक जनहिताचे कलम शिल्लक आहे हे खरे. पण ते सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावर. ज्या हक्काने दुर्बलाला आडोसा द्यायचा, तो कंत्राटदाराच्या देयकांवर पांघरूण घालण्यासाठी पुढे केला जाण्याचे भय येथे आहे.

याची किंमत आपल्या जिल्ह्याला परकी नाही. वणी तालुक्यातील राजूरचे आनंद तेलतुंबडे हे अभियंते; सायबरनेटिक्समध्ये त्यांनी संशोधन केले, गोव्यातील व्यवस्थापन संस्थेत विदा-विश्लेषण शिकविले. आपल्या फोनवर पेगॅसस या हेरगिरीच्या आज्ञावलीने हल्ला झाल्याचे त्यांना ऑक्टोबर २०१९ मध्ये कळले. एल्गार परिषद प्रकरणात १४ एप्रिल २०२० रोजी त्यांना अटक झाली. ते २६ नोव्हेंबर २०२२ रोजी जामिनावर सुटले. याच प्रकरणातील रोना विल्सन यांच्या संगणकात पत्रे बाहेरून घुसविली गेली, असा निष्कर्ष बचाव पक्षातर्फे तपासणी करणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये काढला. तपास यंत्रणेस तो मान्य नाही. निर्णय न्यायालय देईल. परंतु मतभेद असलेल्या माणसाच्या संगणकात कोण शिरले, हे उघडपणे तपासता येत नसेल, तर उद्या आपल्यापैकी कोणाच्याही यंत्रात काय सापडेल याची हमी कोण देणार? तेलतुंबडे यांच्या मतांशी आपले पटते की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे.

शेवटी आपल्या घराकडे पाहतो. आज सकाळी येथे येताच माझ्या हाती उपस्थितीचा कागद आला: नाव, गाव, जात, भ्रमणध्वनी क्रमांक, आधार क्रमांक. आधार क्रमांक कशासाठी, हे विचारले तर कोणालाच सांगता येईना. जुन्या नमुन्यात रकाना होता, म्हणून तो राहिला. दुपारपर्यंत त्या कागदाचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या तीन गटांवर फिरले होते. संयोजकांचा यात वाईट हेतू नाही, हे मला ठाऊक आहे. मी तो रकाना कोरा ठेवला आहे. माझी विनंती एवढीच की भोजनोत्तर बैठकीत हा नमुना बदलण्याचा ठराव घ्यावा, गटांवरील छायाचित्रे काढून टाकावीत, आणि या वर्गाचा जमाखर्च मात्र दारावर लावावा. प्रश्न असतील तर आता विचारावेत.