मशीन गेलं म्हणण्याआधी वायर बघा

आजचा भाग घरी वेल्डिंग मशीन असणाऱ्यांसाठी. म्हणजे ते खांद्याला अडकवून नेता येणारं छोटं इन्व्हर्टर मशीन, सिंगल फेजवालं. गेट, शेडचे अँगल, ट्रॉलीचा तुटलेला हूक असल्या कामांसाठी आता गावाकडे बऱ्याच घरांत असतं. मी काही वेल्डर नाही, दिवसभर कोड लिहितो. पण ‘चालत नाही’ एवढ्याच तक्रारीवरून मूळ शोधणं हे माझं रोजचं काम, आणि ती सवय इथे कामाला येते.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार : रॉड चिकटतो. काकांच्या मशीनचं तेच झालं. दुकानात सांगितलं, बोर्ड गेलाय, साडेतीन हजार. काका म्हणाले, "बघ रे जरा, तू इंजिनिअर ना?" मी एकच विचारलं, "काका, दिवसभर चिकटतो की ठरावीक वेळी?" तर म्हणे, सकाळी छान चालतं, मोटारी सुरू झाल्या की चिकटतो. आता सांगा, सकाळी चांगला असलेला बोर्ड दुपारी कसा काय जाईल? काकांचं घर वस्तीवर, डीपीपासून लांब. तिथे व्होल्टेज पडतं.

पण हे व्होल्टेज मोजायचं कधी, तर वेल्डिंग चालू असताना. नुसतं सॉकेट तपासलं तर आकडा चांगलाच दिसतो. एकाने रॉड मारायचा, दुसऱ्याने त्याच एक्स्टेन्शनच्या शेजारच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावायचा. काकांकडे आर्क पेटला की २१२ चे १६८ होत होते. त्यातले पंधराएक व्होल्ट तर एक्स्टेन्शनच खात होतं. हिशेब सोपा आहे. ३० मीटर लांब, १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर. तिचा रेझिस्टन्स साधारण १ ओहम. १५ अँपिअर ओढले की १५ व्होल्ट वायरीतच गेले, आणि वायर तापली ती वेगळीच. वायर आखूड घ्या, निदान २.५ स्क्वेअर एमएमची, १६ अँपिअरचा प्लग लावा आणि गुंडाळी पूर्ण सोडून वापरा. गुंडाळलेली वायर आतल्या आत वितळते.

मग येतो अर्थिंगचा चिमटा. घराचं अर्थिंग वेगळं, हा वेगळा. वेल्डिंगचा सगळा करंट या चिमट्यातून परत येतो. तो रंगावर किंवा गंजावर लावला की आर्क तुटत राहतो. ग्राइंडर मारून लोखंड चकचकीत करा, मगच लावा. काम थांबवल्यावर चिमट्याजवळ आणि मशीनच्या पिनेजवळ सांभाळून हात नेऊन बघा. एखादी जागा जास्त तापलेली असेल तर तिथला जोड सैल आहे.

रॉड बघायचाच. पावसाळ्यात उघडं पाकीट ओल धरतं, मग वेल्डमध्ये भोकं पडतात. ६०१३ चा २.५ एमएम रॉड असेल तर ६० ते ९० अँपिअरमध्ये बसतो, पाकिटावर आकडे छापलेले असतात. आपण कोणी वाचत नाही, तो भाग वेगळा.

पिवळी लाइट लागून मशीन बंद पडलं, की बहुतेक वेळा ते तापलंय. मेन स्विच लगेच बंद करू नका! पंखा चालू राहिला तरच ते गार होईल. मशीनवर ड्युटी सायकल ६० टक्के लिहिलं असेल तर त्या करंटला १० मिनिटांत ६ मिनिटंच वेल्डिंग. दर वेळी लवकर तापत असेल तर पंखा फिरतोय का बघा. आणि ग्राइंडर मशीनच्या तोंडाशी चालवू नका. पंखा लोखंडाचा भुगा आत ओढतो, तो बोर्डवर बसतो, आणि मग खरंच बोर्ड जातो.

एमसीबी पडतोय म्हणून मोठा एमसीबी बसवणारे महाभाग आहेत. एमसीबी भिंतीतल्या वायरीला वाचवायला असतो. वायर तीच ठेवून एमसीबी वाढवला तर पुढच्या वेळी वायर पेटेल. मशीनसाठी वेगळी जाड लाइन ओढून घ्या, वायरमनकडून.

आणि झाकण उघडायचं नाही. २३० व्होल्ट एसी आत डीसी झाला की ३२५ च्या आसपास जातो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतो. यूट्यूबवर उघडून दाखवणारे खूप आहेत, पण त्यांचा हात त्यांचा, आपला आपला.

एवढं सगळं करूनही आर्क लागलाच नाही, तर दुकानात न्या. तिथे ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. वेल्डिंग करताना व्होल्टेज किती होतं, लाइट कोणती लागली, पंखा फिरत होता का, हे सांगा. बोर्ड बदलायचा म्हणाले तर जुना बोर्ड परत मागून घ्या.