महेशचंद्रांचा हरलेला डाव
(शालेय सहलीच्या मुक्कामी पापनाशम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पापनाशमहून तिरुपूवनूर हे गाव फारसे दूर नाही. तेथील मंदिरातल्या महादेवाचे नाव चतुरंग वल्लभनाथर. राजकन्येला बुद्धिबळात हरवून शंकराने तिचे पाणिग्रहण केले, अशी तेथली स्थलकथा आहे. जेथे देवही पटावर बसतो आणि जिंकतो, अशा प्रदेशात विजयाचीच गोष्ट सांगावी, असे कोणासही वाटेल. आजचा डाव मात्र हरलेल्या खेळाडूचा आहे.

साल १८५५. तंजावरच्या भोसले घराण्याचे अखेरचे राजे दुसरे शिवाजी याच वर्षी ऑक्टोबरात निवर्तले आणि व्यंकोजीराजांनी स्थापिलेली राजवट कंपनीने खालसा केली. त्याआधी मे महिन्यात कलकत्त्यात जॉन कॉक्रन आणि महेशचंद्र बॅनर्जी पटावर बसले होते. कॉक्रन हे स्कॉटिश बॅरिस्टर, युरोपात नाव मिळवलेले. महेशचंद्र आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत वाढलेले. त्या पद्धतीत प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे जात नसे. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचा ग्रंथ संस्कृतातून इंग्रजीत उतरून प्रसिद्ध झाला, तोही युरोपीय पद्धतीला जुळवून. दोन पद्धतींतला हा सांधा तेव्हा सर्वांनाच जाणवत होता. एकेक घर सरकणाऱ्या प्याद्यांची सवय असल्यामुळे उंट कोपऱ्याशी बसवून दुरून मारा करणे महेशचंद्रांना स्वाभाविक वाटत असावे.

कॉक्रननी वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे केले. महेशचंद्रांनी घोडा काढला, उंटासाठी जी६ला प्यादे सरकवले आणि तिसऱ्या चालीत डी५ला प्यादे लोटले. मधली घरे प्रतिपक्षाला घेऊ द्यावीत आणि मग त्यांवरच तुटून पडावे, असा हा विचार. १९२२ साली ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी हीच रचना वापरली आणि ती त्यांच्या नावाने रूढ झाली. पुढे कास्पारोव्ह कार्पोव्हविरुद्ध ती विश्वविजेतेपदाच्या लढतीत खेळले. कलकत्त्यातला हा डाव तिच्या ६७ वर्षे आधीचा! उलट कॉक्रननी ई३ अशी सावध चाल केली. आज पांढरा खेळाडू बहुधा ई४ला प्यादे नेऊन मध्य व्यापतो. दहा चालींनंतर काळ्याचा जी७वरचा उंट डी४च्या प्याद्यावर रोखलेला होता आणि काळ्याला कसलीही अडचण नव्हती. निकालाच्या रकान्यात पांढऱ्यापुढे एक, काळ्यापुढे शून्य आहे. तेवढे पाहून सुरुवात फसली म्हणणे अन्यायाचे होईल.

मग बिघडले कोठे? तेराव्या चालीत पांढरा उंट ए३ला येऊन ई७वर रोखला गेला. चौदाव्या चालीत वजीर बी३ला आला. त्याची नजर बी७ आणि एफ७ दोन्हींवर. ई७ला घोड्याचा आधार होताच; तरी महेशचंद्रांनी एफ८चा हत्ती ई८ला नेला. त्या क्षणापासून एफ७चे प्यादे एकट्या राजाच्या भरवशावर राहिले. चाल दिसायला किती निरुपद्रवी!

पुढे कॉक्रनचा हत्ती सी५, मग बी५ असा काळ्या वजिराला हुसकावत गेला. वजीर डी८ला परतला. सतराव्या चालीत पांढरा घोडा जी५ला उडाला. त्याने एफ७वर दुसरा हल्ला तर केलाच, शिवाय मागच्या उंटाची वाट मोकळी करून जी४चा काळा उंटही कचाट्यात धरला. ई६ला प्यादे ढकलून एफ७ झाकावे, तर तो उंट जातो. आणि वजिराने जी५चा घोडा घेतलाच, तर बी५चा हत्ती आडव्या ओळीतून वजीर मारतो. हत्तीची ती भटकंती उगीच नव्हती.

महेशचंद्रांनी उंटाने उंट मारला, घोडा एफ७ला शिरला. आता डी८चा वजीर माऱ्यात, आणि घोडा हलताच बी३च्या वजिराचा उघडा शह. डाव बिघडलेलाच होता. तरीही त्यांनी घोडा ए५ला नेऊन पांढऱ्या वजिरावर रोखला. प्रतिहल्ल्याची ही वृत्ती बाणेदार खरी; पण दुहेरी शहापुढे वजिरावरचा हल्ला कुचकामाचा. घोडा एच६: घोड्याचा शह आणि वजिराचाही. राजा एफ८ला गेला तर वजीर एफ७ला मात करतो. राजा एच८ला गेला, तर वजीर जी८ला स्वतःचे बलिदान देतो. ई८च्या हत्तीला तो मारावाच लागतो, आणि आपल्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजावर घोडा एफ७वरून मात देतो. आधारासाठी आणलेला हत्तीच राजाची शेवटची वाट बुजवतो.

पट चौदाव्या चालीपर्यंत लावून ठेवला आहे. पांढरा वजीर बी३ला आला आहे, काळा हत्ती अजून एफ८लाच आहे. काळ्याची खेळी.