मेणबत्तीने शिकविलेले विज्ञान



'विज्ञान आमच्या मुलांना झेपायचे नाही,' असे पुष्कळ घरांत ऐकू येते. मायकेल फॅरडे हे लोहाराचे पुत्र. शिक्षण जेमतेम, चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी पत्करली. बांधणीस आलेली पुस्तके वाचूनच त्यांना विज्ञानाची गोडी लागली. त्यांत जेन मार्सेटबाईंचे संवादरूप रसायनशास्त्रही होते. पुढे १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी साध्या मेणबत्तीवरून मुलांना रसायनशास्त्र उलगडून दाखविले.

आज घरी ज्योतीत क्षणभर स्टीलचा चमचा धरून पाहा. काजळी धरेल, तो न जळलेला कार्बन होय. मुलाने 'का?' विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल, तर दोघे मिळून पुस्तक उघडा.