अडकलेला मॅग्नेट काढताना



दूध डेअरीत पोचवायची वेळ झाली आणि जुनी पॉइंटची फटफटी काही सुरू होत नाही. प्लग बदलला, वायर तपासली, तरी ठिणगी नाहीच. अशा वेळी दोष बहुधा मॅग्नेटच्या आतल्या पॉइंटात नाहीतर कंडेन्सरात असतो. तिथे हात पोचायला मॅग्नेट उतरवावा लागतो, आणि तो क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट धरून बसलेला असतो.

इथेच घाई नडते. मॅग्नेटवर हातोडा मारू नका. चुंबक तडकतो, क्रँक वाकतो, मग सारे इंजिन उघडावे लागते. कडेला पहार घालून उचकटू नका. ज्योतीने तापवू नका. चुंबकाचा जोर उतरतो, ऑइल सील जळते.

त्याच गाडीचा पुलर आणा. आधी नट काढा. मधले आटे पुसून घ्या, ते उजवे की डावे हे पाहा. पुलर पूर्ण आत बसवा, मग मधला बोल्ट आवळा. सुटला नाही तर बोल्टच्या डोक्यावर हलका टोला द्या. तरीही हलेना, तर गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवा.

बसवताना दोन्ही निमुळते भाग कोरडे पुसा. अर्धचंद्र चावी शाबूत आहे ना, ते बघा. ती कापली गेली की मॅग्नेट सरकतो आणि ठिणगी अवेळी पडते. पॉइंटातले अंतर गाडीच्या पुस्तकाप्रमाणेच ठेवा.

पुलर एकट्याने घेणे जमत नसेल, तर तशाच गाडीवाल्या चौघांनी मिळून एक घ्यावा.