घराने पाठवलेला मेल पोचतो का?

आज होम असिस्टंटमधून ई-मेल पाठवण्याबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, फोनवर नोटिफिकेशन येतं की, मेल कशाला? तर माझे आई-बाबा गावी असतात आणि मी पुण्यात. त्यांच्या स्वयंपाकघरात गॅस गळतीचा सेन्सर आहे. तिथे सायरन वाजतोच, पण मला, बहिणीला आणि शेजारच्या काकांनाही कळायला हवं. काकांच्या फोनवर कुठलं नवीन ॲप टाका म्हणणार? मेल मात्र ते दिवसातून दहा वेळा बघतात.

पहिला प्रश्न नेहमी येतो तो हा, की घरातल्या रास्पबेरी पायवरूनच थेट मेल का नाही पाठवायचा? पाठवून बघा. बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या स्पॅम रोखायला बाहेर जाणारा पोर्ट २५ बंदच ठेवतात. तो उघडा असला तरी घरगुती आयपी ॲड्रेसवरून आलेल्या मेलकडे समोरचा सर्व्हर संशयानेच बघतो. मुळात १९८२ मध्ये एसएमटीपीचे नियम लिहिले गेले तेव्हा ओळख तपासायची सोयच नव्हती. पत्राच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही काहीही लिहावा, तसं. लॉगिनची पद्धत त्यात १९९९ मध्ये आली. म्हणून आपण मेल अशा सर्व्हरच्या हाती द्यायचा, जो आधी नाव-पासवर्ड विचारतो.

जीमेलचं उदाहरण घेऊ. सर्व्हर एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम. पोर्ट ५८७ असेल तर एन्क्रिप्शन स्टार्टटीएलएस, म्हणजे बोलणं साधं सुरू होतं आणि मग कुलूप लागतं. पोर्ट ४६५ असेल तर टीएलएस, म्हणजे पहिल्या अक्षरापासून कुलूप. या दोन जोड्यांची अदलाबदल झाली की कनेक्शन जमत नाही. आणि 'घरचंच तर आहे' म्हणून एन्क्रिप्शन बंद ठेवू नका. पासवर्ड बेस६४ मध्ये जातो, आणि बेस६४ हे काही कुलूप नव्हे, नुसतं वेगळं वेष्टन. कुणीही उलगडू शकतो.

पासवर्डही नेहमीचा चालत नाही. गूगलने ३० मे २०२२ पासून अशा सॉफ्टवेअरला साध्या पासवर्डने लॉगिन देणं बंद करायला घेतलं. खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं आणि १६ अक्षरी ॲप पासवर्ड बनवायचा. माझं मत विचाराल तर घरासाठी वेगळंच खातं काढा. हा पासवर्ड कुणाच्या हाती लागला तर निदान तुमच्या बँकेचे मेल तरी त्यात नसतील. तो सीक्रेट्स फाइलमध्ये ठेवा, म्हणजे मदत मागताना कॉन्फिगरेशन कुणाला दाखवलं तरी सोबत जाणार नाही.

आता खरी गोम. गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की ॲप पासवर्ड रद्द होतात. होम असिस्टंटच्या लॉगमध्ये ५३५ नंबरची एरर येते, पण लॉग रोज कोण वाचतो? इकडे आपल्याला वाटतं, मेल नाही म्हणजे सगळं ठीक. प्रत्यक्षात घराची वाचाच गेलेली असते.

म्हणून आमच्याकडे रोज सकाळी सात वाजता त्याच खात्यातून, त्याच सर्व्हरमार्गे तिघांना एक मेल जातो: 'घर ठीक आहे', खाली सेन्सरची शेवटची नोंद आणि वेळ. साडेसातपर्यंत तो आला नाही की मी आईला फोन करते. स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून तिघांच्याही खात्यात फिल्टर लावलाय.

आणि वीज! लाइट गेले की राउटरही जातो, मग 'लाइट गेले' हा मेल निघणार कुठून? पाय आणि राउटर दोन्ही, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही, छोट्या यूपीएसवर टाका. मग मुद्दाम मेन स्विच बंद करा आणि मेल येतो का बघा. फक्त आईची मालिका चालू असताना नको.